काकाचं ‘काहीच नाही’

आमच्या सोलापूरच्या घरात देवाबद्दल तीन पक्ष होते. आजीचा विठोबा होता, अप्पांचे आगरकर होते आणि काकाचं काहीच नव्हतं. आम्ही चौघं भावंडं या तिघांच्या कचाट्यात वाढलो. आता साठीच्या आसपास पोचल्यावर एकमेकांना फोन केला की गाडी हटकून त्या वादांवर येते.

अप्पा हायस्कुलात गणित शिकवायचे. आगरकरांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली, हा त्यांचा लाडका किस्सा. पुण्याच्या सनातन्यांनी काढलेली ती यात्रा ते इतकी रंगवून सांगायचे की आजीसुद्धा वाती वळता वळता ऐकायची आणि शेवटी म्हणायची, “बिचाऱ्याच्या बायकोला काय वाटलं असेल!” ही काळजी अप्पांच्या युक्तिवादात कुठेच बसत नसे. पुढे श्रीराम लागू देवाला रिटायर करा म्हणू लागले, तेव्हा अप्पांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आजीनं विचारलं, “मग त्याला पेन्शन कोण देणार?”

काकाचं प्रकरण अवघड होतं. तो शाळेत असताना आजोबांची गिरणी बंद पडली. भोंगा थांबला, तरी आजोबा पहाटे त्याच वेळी उठायचे, दाढी करून, सदरा घालून ओट्यावर बसायचे. ताईच्या मते काकाचा शून्यवाद त्या ओट्यावर जन्मला. काम्यू वगैरे मंडळी नंतर आली. मला ते पटतं. पुस्तकांनी त्याला फक्त बोलायला शब्द दिले. ‘कोसला’ तर त्यानं इतकी वाचली होती की दर वाक्यात ‘उदाहरणार्थ’ यायला लागलं आणि त्याची नक्कल करून आम्ही धपाटे खाल्ले. तेव्हा बऱ्याच घरांत असा एक काका असायचा: बी.ए. झालेला, दाढी वाढवलेला, ‘सत्यकथे’ला शिव्या घालत ‘सत्यकथा’ वाचणारा. कशालाच काही अर्थ नाही, असं आमचा काका रोज एकदा तरी म्हणायचा. रात्री-अपरात्री नळाला पाणी आलं की हंडे भरायला मात्र तोच उठायचा, कारण बाकीच्यांना जागच यायची नाही.

आजीची श्रद्धा भाबडी आहे, असं आम्ही कैक वर्षं धरून चाललो होतो. एकदा शेंगा फोडताना तिनं सहज सांगितलं. तिची दोन मुलं लहानपणीच गेली होती. दुसरं गेलं तेव्हा तिनं वर्षभर पंढरपुरात पाऊल टाकलं नाही. देव्हाऱ्यातल्या विठोबाला रोज स्नान घालायची, पण बोलायची नाही, नवऱ्याशी अबोला धरावा तसं. मग अबोला कसा सुटला, हे विचारायचं आमच्यातल्या कोणालाच सुचलं नाही. १९९५ च्या सप्टेंबरात गणपती दूध पिऊ लागले आणि आमच्या गल्लीतही रांग लागली. अप्पा वाटी-चमचा घेऊन पृष्ठताण समजावायला सज्ज झाले, पण घरात समजावून घेणारं कोणी सापडेना. आजी रांगेत गेलीच नव्हती. तिच्या विठोबानं इतक्या वर्षांत कधी घोटभर काही मागितलं नव्हतं.

आईचं मत कोणी विचारलं नाही. तिन्ही पक्षांचं या बाबतीत एकमत होतं. ती अप्पांना न पटणारी संकष्टी करायची आणि अप्पा सुस्कारे टाकायचे. अलीकडे ताईनं तिला त्याबद्दल छेडलं. तेव्हा कळलं की त्या दिवशी चंद्रोदय होईपर्यंत ‘आजोबा गणपती’च्या देवळात तासभर बसायला मिळायचं आणि त्या तासात कोणी हाक मारायचं नाही. “एवढ्यासाठी उपास?” ताईनं विचारलं. “हे काय थोडं झालं?” आई म्हणाली.

सगळ्या वादांची खरी कसोटी लागली ती ३० सप्टेंबर १९९३ ला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून गाव झोपलं होतं आणि पहाटे चारच्या सुमाराला मांडणीवरची भांडी वाजायला लागली. आम्ही सगळे रस्त्यावर आलो. आजीला काकानं उचलून आणलं. दिवस वर आला तशा किल्लारीच्या, सास्तूरच्या बातम्या येऊ लागल्या. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. माणसं झोपेतच गाडली गेली. मृतांचा आकडा दहा हजारांच्या आसपास सांगू लागले. आदल्याच दिवशी गणपती बोळवून आलेली माणसं. अप्पांना बोलायला याहून मोठा मुद्दा मिळाला नसता, आणि काकाचं तर जन्मभराचं म्हणणं खरं ठरल्यासारखं होतं. दोघंही गप्प. आजीनं पूजा केली, पण नैवेद्य दाखवला नाही.

दोन-तीन दिवसांनी काका मदतीच्या ट्रकमधून सास्तूरला गेला. अक्षर चांगलं, म्हणून त्याला तंबूत याद्या करायला बसवलं: घरात कोण होतं, कोण राहिलं. परत आल्यावर जगण्याला अर्थ आहे की नाही, हा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. आम्ही काढला तर उठून जायचा. तो बदलला, असं म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरं नाही. देव नाही यावर तो शेवटपर्यंत ठाम होता आणि सिगारेटीही तेवढ्याच ओढायचा. फक्त दर वर्षी दिवाळीच्या आधी एस.टी.नं सास्तूरला जाऊन यायचा. कोणाकडे, ते त्यानं घरात सांगितलं नाही.

ती पिढी गेली. आई तेवढी आहे. घर विकायला काढलं तेव्हा देव कोणी न्यायचे यावरून आम्ही चौघं चांगलेच भांडलो. ताई रोज पूजा करते, तिचाच हक्क होता. पण विठोबा नेला न्यू जर्सीच्या धाकट्यानं, जो आमच्यातला सर्वांत पक्का नास्तिक. श्रद्धाळू माणसाच्या घरी गेला तर लगेच त्याच्याकडे मागण्या सुरू होतील, असं त्याचं म्हणणं. ताईनं त्याला अजून माफ केलेलं नाही. दर आषाढीला ती मूर्तीचा फोटो मागवते आणि पितळ काळं पडलंय, जरा चिंच लावून घासत जा, म्हणून त्याला फैलावर घेते.