निस्तार पत्रक

तलाठ्याच्या दप्तरात सातबाऱ्याला रोजची वर्दळ. कोणी पीककर्जासाठी येतं, कोणी वाटणीसाठी, कोणी धान विकायच्या नोंदणीसाठी. त्याच दप्तरात निस्तार पत्रक नावाचं एक वडीलधारं असतं. त्याच्याकडे महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही. ते रुसत नाही, पण विसरतही नाही. ढोरं कुठं चरायची, सरपण कुठून आणायचं, भिंतीला माती आणि पायाला मुरूम कोणत्या जागेतून उचलायचा, हे सगळं त्याच्या ध्यानात असतं.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं प्रतापगड घ्या. वर महादेवाचा डोंगर, तिथंच दर्गा, महाशिवरात्रीला उसळणारी यात्रा. जवळच इटियाडोह धरणाचं पाणी आणि १९७२च्या सुमारास वसलेली तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग वसाहत. अशा गावाच्या विकासाचा विषय निघाला की रस्ता, वाहनतळ, दुकानगाळे, भक्तनिवास ही नावं आपसूक ओठांवर येतात. ती मागणी खोटी नाही. यात्रेच्या गर्दीत ज्याची दोन पैशांची विक्री होते त्याला विचारा. पण प्रत्येक बांधकामाला जागा लागते, आणि ‘मोकळी जागा’ म्हणून बोट दाखवलं जातं ते बहुधा याच म्हाताऱ्या पत्रकाच्या राखणीतल्या जमिनीकडे.

या भागातली मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५१ मध्ये संपली आणि जंगल, पडीत, तलाव सरकारकडे गेले. मालक बदलला, गावाच्या गरजा तशाच राहिल्या. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १६१ने जिल्हाधिकाऱ्यावर काम सोपवलं: गावातल्या, कोणाच्या वहिवाटीत नसलेल्या जमिनीच्या व्यवस्थेची योजना तयार करा. ही योजना म्हणजेच निस्तार पत्रक. शेतीच्या जनावरांना फुकट चराई, घरच्या वापरापुरतं सरपण, माती, दगड विनामूल्य, आणि गावातल्या कारागिरांना त्यांच्या धंद्यापुरती सवलत, होईल तितकी ठेवावी, असं संहिता सांगते. कुंभाराच्या मातीची आठवण कायद्याच्या पुस्तकात आहे, याचं मला फार मोल वाटतं. गरज पडली तर शेजारच्या गावाच्या पडीत जमिनीवरचा हक्कही नोंदवता येतो, कारण चराई शिवेवर थांबत नाही हे त्या कायद्याला ठाऊक होतं.

आणि या पत्रकाचा सर्वांत चांगला गुण असा की ते विचारल्याशिवाय पक्कं होत नाही. मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, रहिवाशांची इच्छा जाणून घ्यायची, मगच अंतिम करायचं. रहिवाशांची! जमीनमालकांची नव्हे. एकरभर धानाचा बांध नसलेली, मोहफुलं आणि तेंदूपत्त्यावर उन्हाळा काढणारी बाई इथं पाच एकरवाल्याच्या बरोबरीची.

गावाच्या विकासाचा आजचा आराखडाही कागदावर असाच उदार आहे. २०१५ नंतर ‘आमचं गाव, आमचा विकास’मधून ग्रामपंचायतीचे आराखडे होऊ लागले, आधी महिला सभा आणि मग ग्रामसभा अशी रीत ठरली. तरी बैठकीत आवाज चढतो तो ज्याचं शेत रस्त्याला लागून आहे त्याचा. त्याचं चुकत नाही, त्याच्या जमिनीचा भाव त्या एका रेघेवर ठरणार असतो. मात्र मागे बसलेला गुराखी ‘मंग ढोरं कुठं चारू जी?’ म्हणतो, तेव्हा त्याच्या हातात दाखवायला कागद नसतो. असतो, पण दप्तरात.

या पत्रकाच्या वाट्याला अवघड दिवसही आले. त्यात चराईसाठी, गावाच्या वापरासाठी दाखवलेली पुष्कळ जमीन ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाला वनच मानलं. त्यामुळे तिथं घर, शाळा किंवा स्मशानभूमी म्हटलं की केंद्राच्या मंजुरीची वाट. जंगल वाचणं हवंच, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण गावाची गरज आणि वनाचं रक्षण एकाच जमिनीवर उभं असताना आराखडा करणाऱ्यांनी हा कागद न उघडणं मला अक्षम्य वाटतं.

दुसऱ्या बाजूला त्याला नवं बळही मिळालं. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मोजताना थेट ‘निस्तार’ हाच शब्द घेतला आणि जमीनदारीच्या काळापासून चालत आलेला वापर हक्क म्हणून मान्य केला. ग्रामसभेने दावा करायचा तर पुरावा म्हणून हे पत्रक पुढे येऊन उभं राहतं.

म्हणून आराखड्याच्या ग्रामसभेत पहिलं वाचन निस्तार पत्रकाचं व्हावं, मोठ्यानं, सर्व्हे नंबरांसह. मोकळी म्हटलेली जागा कोणाच्या कामाची आहे ते त्याच सभेत कळेल. काळ बदलला असेल, कुंभार उरला नसेल, बैलांऐवजी ट्रॅक्टर आला असेल, तर पत्रकही बदलावं. त्याची सोय कायद्यात आहे: ग्रामपंचायतीने मागणी करावी, किंवा ग्रामपंचायत नसेल तिथं गावातल्या किमान एक चतुर्थांश सज्ञान रहिवाशांनी अर्ज करावा. त्या अर्जावर सही करायला नावावर शेत असावं लागत नाही.