जादूगार नायिका आणि लग्नाचा नियम

आमच्या विहारातील रविवारच्या अभ्यासवर्गाला येणाऱ्या मुली मोबाईलवर इंग्रजी रोमँटिक फँटसी वाचतात. जादू जाणणारी नायिका, तिचा प्रियकर आणि दोन बैठकीत संपणारी लघुकादंबरी. यावर काही ज्येष्ठ कार्यकर्ते चिडतात. बाबासाहेबांनी आपल्याला चमत्कारातून बाहेर काढले आणि या पोरी पुन्हा जादूत शिरल्या, असे त्यांचे म्हणणे.

आम्हाला हा आक्षेप मान्य नाही. चमत्कार खरा मानून बुवाच्या पायावर डोके ठेवणे ही अंधश्रद्धा आहे. कल्पित गोष्ट कल्पित म्हणूनच वाचणे ही अंधश्रद्धा नव्हे. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. त्या गोष्टीत सत्ता कोणाच्या हाती आहे आणि ती कशाच्या आधारावर टिकून आहे?

स्टेफनी बर्गिस या लेखिकेच्या लघुकादंबऱ्यांची एक मालिका आम्ही मुलींबरोबर वाचली. त्यातील काल्पनिक देश म्हणजे अँगलँड. तिथे राज्य बायका करतात आणि जादू पुरुष शिकतात. पहिल्या नजरेला वाटते, व्वा, स्त्रियांचे राज्य! पण राज्य करणाऱ्या मंडळात जायचे तर त्या बाईचा नवरा जादूगारच असला पाहिजे. ‘स्पेलस्वेप्ट’ (2018) मधील एमी हुशार आहे, राजकारणात मुरलेली आहे. पण तिचे प्रेम जडते जादू नाकारणाऱ्या जोनाथनवर. ती त्याच्याशी लग्न करते आणि मंडळाचे दार तिला बंद होते.

इथे आम्हाला मानववंशशास्त्राच्या वर्गात वाचलेला बाबासाहेबांचा 1916 चा कोलंबिया विद्यापीठातील निबंध आठवला. जात टिकते ती सजातीय विवाहावर, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. 1936 साली ‘जातिप्रथेचे विच्छेदन’मध्ये त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. अँगलँडमध्ये जात नाही हे खरे. पण कोणी कोणाशी लग्न करायचे यावर पहारा ठेवला की सत्ता आपोआप ठरावीक घरांत फिरत राहते, ही यंत्रणा तीच आहे.

हा पहारा मोडतो कसा? ‘स्नोस्पेल्ड’ (2017) ची नायिका कॅसँड्रा ही जादूचे रीतसर शिक्षण घेणारी पहिली स्त्री. एका धाडसी प्रयोगात ती आपली शक्ती गमावते. तरी ती रडत बसत नाही. ‘थॉर्नबाउंड’ (2019) मध्ये ती मुलींसाठी जादूचे महाविद्यालय उघडते. पुढे ‘मूनटँगल्ड’ (2020) मध्ये याचा परिणाम दिसतो. राजकारणात जाऊ पाहणारी एक तरुणी आणि त्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी, दोघींचे एकमेकींवर प्रेम आहे. स्त्री जादूगार होऊ शकते म्हणूनच त्यांच्या लग्नाची वाट निघते. शिक्षणाचे दार उघडले आणि लग्नाच्या नियमाला तडा गेला. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडणाऱ्या सावित्रीमाई आणि जोतीरावांच्या लेकींना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या पुस्तकांची मर्यादाही आम्ही वर्गात मांडली. कॅसँड्रा मोठ्या घराण्यातली आहे. तिच्या वाड्यात भांडी कोण घासते, त्यांच्या मुलींना त्या महाविद्यालयात जागा आहे का, हे विचारलेच पाहिजे.

पण बोट फक्त अँगलँडकडे दाखवून चालणार नाही. आमच्या वर्गातील एका बौद्ध मुलीने मातंग समाजातील मुलाशी लग्न करायचे ठरवले. तिच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, दर पौर्णिमेला वंदना होते. तरीही त्या घरातून उत्तर आले, "लोक काय म्हणतील?" बायोडाटात पोटजात शोधणारेही आपलेच लोक आहेत. 14 एप्रिलला मिरवणुकीत पुढे असणारे आपण, मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मागे का सरकतो?

म्हणून मैत्रिणींनो, ही पुस्तके लपवून वाचू नका. उघड वाचा आणि प्रत्येक पुस्तकाला तीन प्रश्न विचारा. नायिकेची शक्ती रक्तातून आली की शिक्षणातून? तिच्या लग्नाचा निर्णय कोण घेतो? ती एकटी वर जाते की इतरांसाठी दार उघडते?

आणि मित्रांनो, हेच तीन प्रश्न आपापल्या घरातही विचारा. तिथे उत्तर द्यायला जादू लागत नाही, हिंमत लागते.

जयभीम!