बॅरनच्या पायथ्याशी

पुण्याहून अंदमानला निघालेला मराठी माणूस आधी सेल्युलर जेल गाठतो. मीही सावरकरांच्या कोठडीसमोर नतमस्तक झालो. पण या खेपेला खरी ओढ होती ती बॅरन बेटाची. भारतातला हा एकमेव जागता ज्वालामुखी पोर्ट ब्लेअरपासून सुमारे 140 किलोमीटरवर, भर समुद्रात आहे.

रात्रभर बोट हेलकावत होती. उजाडता उजाडता बेट दिसलं. उतरायला मनाई असल्याने बोट पश्चिम अंगाने संथ फिरत राहिली. या बाजूला जुन्या मुखाची कड फुटलेली आहे. त्या खिंडारातून आतला राखेचा काळा शंकू दिसतो आणि त्याच्या पायथ्यापासून थेट लाटांपर्यंत उतरलेला लाव्हाचा पट्टा. दुर्बीण लावली तर त्यातली धारदार ढेकळं वेगवेगळी दिसत होती. गवताची काडी नाही. आपला सिंहगडाचा कातळही लाव्हाचाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला. बॅरन मात्र शतकाहून अधिक काळ निजून 1991 मध्ये पुन्हा उसळला. जानेवारी 2017 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘सिंधु संकल्प’ हे जहाज तळाचे नमुने घ्यायला इथे आलं होतं. जहाजावरचे शास्त्रज्ञ अभय मुधोळकर आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत राख उडू लागली. अंधार पडल्यावर लाल लाव्हाची कारंजी दिसली. त्या डेकवर असायला हवं होतं, असं मला फार वाटून गेलं.

पाण्यावर दिसतो तो डोंगर जेमतेम साडेतीनशे मीटरचा. उरलेला दोन किलोमीटरहून अधिक खाली बुडालेला. असे पूर्ण बुडालेले ज्वालामुखीही या समुद्रात आहेत. शिलारस वर सरकताना खडक फोडतो, तेव्हा लहान-मध्यम भूकंपांची रांग लागते. त्यात मुख्य धक्का असा नसतो. मार्च 2014 मध्ये याच संस्थेने निकोबारजवळ तळाशी ठेवलेल्या भूकंपमापकांनी अशी हालचाल टिपली. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी कराडला प्रयोगशाळा आहे. निकोबारच्या तळाशीही अशी यंत्रं कायमची हवीत, असं माझं ठाम मत आहे.

26 डिसेंबर 2004 चा महाभूकंप मात्र ज्वालामुखीचा नव्हे. भारतीय भूपट्ट या बेटांखाली सरकतो, त्या सांध्यावरचा तो. त्याच सरकण्यातून खोलवर शिलारस तयार होतो, म्हणून दोघांचं मूळ एकच.

परतल्यावर रिक्षा करून सिप्पीघाटला गेलो. रस्त्याच्या कडेला खाऱ्या पाण्याचं तळं, त्यात वाळलेली झाडं. त्या भूकंपाच्या दिवशी इथली जमीन मीटरभर खचली, तर उत्तर अंदमानात प्रवाळ वर येऊन उघडे पडले. रिक्षावाल्याने बोटाने बांधांच्या पाण्याबाहेर राहिलेल्या रेघा दाखवल्या. इथे भात व्हायचं, तो म्हणाला. आता भरती आत येते आणि लोक मासे धरतात.