कुंदा

बंदुकीची मराठी परिभाषा एके काळी किती भरघोस होती, हे जुने कोश चाळताना जाणवते. लाकडी अंग तो कुंदा, दारूला बत्ती पोहोचवणारे छिद्र तो कान, कानाशी घालायची दारू ती रंजक. 'रंजक' हा शब्द आपण वर्गात मनोरंजनाच्या अर्थानेच शिकवतो. ठासणीच्या बंदुका गेल्या, पण आपले मुद्दे ठासून मांडणे काही थांबले नाही.

आमच्या घरी आहे ती ठासणीची नव्हे, बारा बोअरची दुनळी. आजोबांनी ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतली. वडिलांनंतर वारस म्हणून परवाना माझ्या नावे झाला. गाव श्रीगोंदा तालुक्यातले. एका अंगाला माळ, दुसऱ्या अंगाला घोडच्या कालव्यावरचा ऊस. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी तिचा कुंदा नव्याने घासून काढला. हे काम गावच्या सुताराकडे देता येत नाही, कारण विनापरवाना माणसाच्या हाती शस्त्र सोपवणे हाच गुन्हा.

अक्रोडाच्या लाकडावर कोणीतरी कधीकाळी जाड व्हार्निश फासले होते. ते उतरवायलाच चार दिवस गेले. लाकूड दबून पडलेल्या पोच्यांवर ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली, की वाफेने तंतू फुगतात आणि खळगा बराचसा भरून येतो. मग काचकागद, नेहमी रेषांच्या दिशेने. शेवटी जवसाचे तेल, तळहातानेच चोळायचे, अगदी पातळ. ते सुकते म्हणजे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून दोन हातांमध्ये दिवसांचे अंतर लागते. (तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात.) पाचव्या हातानंतर लाकडातून तांबूस-काळ्या रेषा वर आल्या.

नळ्यांना मात्र मी हात लावला नाही. मधोमध, जिथे बंदूक हातात धरून चालतात तिथे, त्यांची निळाई झिजून पांढरे लोखंड दिसते. तिथे आजोबांच्या पंजाचे माप आहे. ते पुसून नवा रंग चढवणे मला रुचले नाही.

अमेरिकेत दाट झाडीतल्या शिकारीसाठी विंचेस्टरसारख्या, खालचा दांडा ओढून काडतूस भरायच्या रायफली आखूड करून घेण्याची हौस आहे. फांद्यांत अडकू नये म्हणून नळी कापायची, कुंदा बेतायचा. आपल्याकडे परवान्याशिवाय नळी आखूड करण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्याचीच मनाई आहे. आणि आमच्या माळावर आखूड बंदुकीचे काम तरी काय? इथे काळवीट दुरूनच माणूस हेरते. आजोबांच्या पिढीने त्याची शिकार केली, हे मी लपवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद झाली. १९७९ मध्ये माळढोकासाठी आणि १९८० मध्ये शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य झाले. व्यंकटेश माडगूळकर स्वतः शिकारी होते, आणि त्यांनीच पुढे 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांची कथा सांगितली. आमच्या घरात असे स्थित्यंतर कोणी ठरवून केले नाही. काडतुसे आणणेच थांबले.

पण धाकटा भाऊ गावी शेती करतो, आणि रात्रीच्या विजेच्या पाळीला त्याला उसात पाणी धरायला जावे लागते. मागच्या वर्षी बांधावर बिबट्याची पावले उमटली. तेल लावलेला कुंदा हातात घेऊन तो म्हणाला, "दादा, लाकूड झकास झालंय. पण ही माझ्या काय उपयोगाची?"

बिबट्या अनुसूची एकमधला प्राणी, बंदूक शेतीसंरक्षणाची, परवाना माझा, आणि रात्र त्याची. कायद्याच्या बाजूने मी पुष्कळ बोललो असतो, आणि ती बाजू मला मनापासून पटतेही. पण मी बोलत होतो तो संध्याकाळी, अंगणातल्या दिव्याखाली बसून. त्याने ऐकून घेतले, बंदूक माझ्या हाती दिली, बॅटरी आणि काठी घेतली. पाळी रात्री बाराची होती. मी कपाटाला कुलूप लावले आणि त्याच्या मागोमाग निघालो.