पुस्तक लिहिणारा कोळी

मुलांनो, नकाशासंग्रह जवळ आहे ना? मग युरोपचं पान काढा पाहू. इंग्लंडच्या डाव्या हाताला आयर्लंड दिसेल. त्याच्या नैर्ऋत्य टोकाला जमिनीची लांब लांब बोटं समुद्रात शिरलेली दिसतील. त्यांतलं एक म्हणजे डिंगल द्वीपकल्प. त्या बोटाच्या नखासमोर एक ठिपका आहे. तुमच्या नकाशात तो बहुतेक नसेलच! तेच ग्रेट ब्लास्केट बेट. लांबी सहा किलोमीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम एक. पलीकडे थेट अमेरिकेपर्यंत नुसतं पाणी.

मी काही तिथं गेलेले नाही, बरं का. पण तिथल्या जुन्या घरांत कोंबड्या कुठं अंडी घालायच्या, हे मला ठाऊक आहे. छपराच्या गवतात! घरही असं, की एकाच खोलीच्या एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला गाय. हे सगळं तिथल्याच एका कोळ्यानं लिहून ठेवलं आहे. त्याचं नाव तोमास ओ क्रोहन.

तोमासचा जन्म १८५० नंतरच्या दशकातला. बेटावर दुकान नव्हतं, डॉक्टर नव्हता, चर्चही नव्हतं. बटाटे आणि ओट पिकवायचे, समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वाहून आणून शेतात खत म्हणून घालायचं, डोंगरावरचं पीट कापून, वाळवून चुलीत जाळायचं. (पीट म्हणजे दलदलीत कुजून घट्ट झालेल्या वनस्पतींचा थर. आपल्या गोवरीसारखा तो वाळवावा लागतो.) मेंढ्या, ससे, मासे यांवर गुजराण.

आणि होडी! तिला तिथं ‘नेवोग’ म्हणतात. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं जाड कापड आणि त्यावर डांबर. बस्स! एवढ्या हलक्या होडीतून ही माणसं अटलांटिकच्या लाटांवर जात. किनाऱ्यावर आली की होडी उलटी करून डोक्यावर घ्यायची. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, एक मोठा काळा भुंगाच पायांवर चालत निघाला आहे.

कधी एखादं जहाज खडकांवर फुटायचं आणि त्यातला माल वाहत किनाऱ्याला लागायचा. एकदा असाच चहा आला. चहा म्हणजे काय, हे कुणाला ठाऊक होतं? तो कपडे रंगवायला वापरला! तोमास अशा गमती फार रंगवून सांगतो.

पण त्याच समुद्रानं त्याच्याकडून पुष्कळ काही घेतलंही. तोमासला दहा मुलं झाली. त्यांतली बरीचशी त्याच्या डोळ्यांदेखत गेली. एक कड्यावरून पडला. काही आजारपणात गेली. एक तरुण मुलगा १९०९ साली बुडणाऱ्या मुलीला वाचवायला गेला आणि स्वतःच बुडाला. तोमास याबद्दल थोडक्या ओळींत लिहितो आणि पुढच्या दिवसाच्या कामाकडे वळतो. मला तर त्या थोडक्या ओळीच जास्त लागल्या.

आता एक गोष्ट नीट ऐका. तोमास घरी, शेतात, होडीत आयरिश भाषा बोलायचा. पण बेटावरच्या शाळेत शिकवायचे इंग्रजीतून! त्यामुळे इंग्रजी अक्षरं त्याला आली, स्वतःच्या भाषेतली मात्र नाहीत. पुढे चांगला बाप्या झाल्यावर, हवा बिघडली की तो समोरच्या डनक्विन गावात अडकून पडायचा. तो उतरायचा त्या घरातली मुलं शाळेत आयरिश वाचायला शिकली होती. ती त्याला पुस्तकातल्या गोष्टी वाचून दाखवायची. ऐकता ऐकता त्यालाच गोडी लागली, आणि तो स्वतः वाचायला शिकला. म्हणजे शाळकरी मुलं गुरुजी आणि बाप्या विद्यार्थी! शिक्षिका म्हणून सांगते, हा भाग मी दोनदा वाचला.

पुढे परदेशातले अभ्यासक बेटावर येऊ लागले. १९०७ मध्ये नॉर्वेचे मारस्ट्रांडर आले, १९१० मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचे रॉबिन फ्लॉवर. हे मोठे पंडित तोमासपाशी बसून आयरिश शिकायचे. १९१७ मध्ये ब्रायन केली नावाचे गृहस्थ आले. त्यांनी तोमासला गॉर्की आणि पिएर लोती यांची पुस्तकं वाचून दाखवली. गरीब शेतकऱ्यांवर, कोळ्यांवरही पुस्तक होऊ शकतं, हे त्याला पटलं. मग दिवसा मासेमारी आणि रात्री लिखाण. बेटावरच्या गप्पागोष्टींचं पुस्तक १९२८ मध्ये निघालं आणि त्याचं आत्मचरित्र १९२९ मध्ये. फ्लॉवरसाहेबांनी १९३४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला.

बघता बघता इतरांनीही मनावर घेतलं. १९३३ मध्ये मॉरिस ओ’सलिव्हन या तरुणाचं पुस्तक आलं. पेग सेअर्स नावाच्या आजीबाईंना तर आयरिश लिहिता येत नव्हतं. त्या सांगत गेल्या, मुलगा लिहीत गेला. ते पुस्तक १९३६ मध्ये निघालं आणि पुढे आयर्लंडच्या शाळांत कित्येक वर्षं अभ्यासाला होतं. (तिथल्या मुलांना ते आवडलंच असं नाही. परीक्षेला असलेलं पुस्तक कुणाला आवडतं?)

तोमास १९३७ मध्ये गेला. त्याच्या काळात बेटावर दीडशेच्या वर माणसं होती. तरुण मंडळी अमेरिकेला जायला लागली आणि मुलांची संख्या घटत गेली. १९४१ मध्ये शाळाच बंद पडली. १९४७ च्या सुमारास एक तरुण आजारी पडला. वादळामुळे डॉक्टर येऊ शकला नाही, आणि तो वारला. मग बेटकऱ्यांचा धीर सुटला. त्यांनी सरकारकडे दुसरीकडे घरं मागितली, आणि नोव्हेंबर १९५३ मध्ये लोकांना समोरच्या किनाऱ्यावर हलवायला सुरुवात झाली. उरली होती फक्त बावीस माणसं. त्यांच्यात मूल एकच, सहा वर्षांचा मुलगा. खेळायला सवंगडी नाही. त्याच्या भोवती सगळी मोठी माणसं, मेंढ्या आणि समुद्रपक्षी.

आज डनक्विनला या बेटाचं मोठं संग्रहालय आहे. तोमासनं स्वतःच्या हातांनी बांधलेलं घरही दुरुस्त करून जपलं आहे. बाकीची बरीच घरं बिनछपराची उभी आहेत, आणि वाळूवर सील पहुडलेले असतात. उन्हाळ्यात प्रवाशांना घेऊन बोटी जातात. पण समुद्र खवळला, की त्याही सुटत नाहीत.