बारक्या

दिवाळीची सुट्टी संपली, की हजेरीपटावर माझ्याच हाताने गैरहजेरीच्या खुणांची रांग उमटे. पाथर्डी-शेवगावकडचे आईबाप मुकादमाची उचल फेडण्यास ऊसतोडीला निघत. थोरली मुलगी धाकट्या भावंडास सांभाळावयास सोबत जाई. राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली शिक्षण सक्तीचे केले, मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला, हे मी अभिमानाने शिकवी. पण उचलीत बुडालेल्यास आणखी दंड कसला करावा?

एका वर्षी दसऱ्याआधीच आम्ही वस्तीवर गेलो. "पोरगी ठेवते सर, पण फडावर बारक्याला कोण बघंल?" आईने विचारले. नियमात न बसणारा तो बारक्याही आम्ही वसतिगृहात ठेवून घेतला. त्या हंगामात थोरलीचा एकही दिवस बुडाला नाही. बारक्या माझ्या तासाला शेवटच्या बाकावर झोपे.