मेल अडवा, पण गिळू नका

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला दोनच तक्रारी ऐकाव्या लागतात. इनबॉक्समध्ये एवढा कचरा कसा येतो, ही पहिली; आणि अमक्याने पाठवलेली मेल आलीच कशी नाही, ही दुसरी. गंमत म्हणजे दोन्ही तक्रारी बहुधा एकाच गृहस्थांच्या असतात.

म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने ग्राहकाला न विचारता मेल गाळावी का, या प्रश्नाला 'मुळीच नाही' असं बाणेदार उत्तर द्यायला मी धजत नाही. सर्व्हरचं लॉग तासभर वाचलं तरी दार ठोठावणाऱ्यांत भामट्यांचीच गर्दी दिसते. त्यांतले पुष्कळसे मजकूर पाठवण्याआधीच परत जातात. समोरच्या मशीनचा आयपी पत्ता स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या काळ्या यादीत आहे का, हे क्षणात पाहिलं जातं. इंटरनेट अभियंते पॉल विक्सी यांनी १९९७ मध्ये पुढे आणलेल्या यादीपासून ही पद्धत रुळली. यात कुणाचं पत्र उघडून वाचलेलं नसतं. ही गाळणी सरसकट काढली, तर ग्राहकच कंपनी बदलतील.

माझा आक्षेप अडवण्याच्या एका रीतीवर आहे. दोन सर्व्हर एकमेकांशी आकड्यांत बोलतात. घेणाऱ्याने '५५०' म्हटलं की मेल नाकारली. पाठवणाऱ्याला ते कळतं, तो निदान फोन तरी करतो. '२५०' म्हटलं की मेल स्वीकारली, आणि पुढची जबाबदारी घेणाऱ्याची. मेल ने-आण करण्याच्या एसएमटीपी या पद्धतीचे नियमच तसे आहेत. स्वीकारलेली मेल क्षुल्लक कारणाने हरवायची नाही, असं त्यांत बजावलेलं आहे. तिसरी रीत अशी, की '२५०' म्हणायचं आणि मेल गुपचूप फेकून द्यायची. सोसायटीच्या वॉचमनने सही करून पाकीट घ्यावं आणि कुरिअरवाला वळताच ते कचऱ्यात टाकावं, तसं.

यामागे निव्वळ आळस नाही. एकदा स्वीकारलेली मेल मागाहून परत करायला जावं, तर स्पॅमवरचा प्रेषकाचा पत्ता हमखास खोटा असतो. परतीची चिठ्ठी भलत्याच निरपराध माणसाच्या माथी बसते. म्हणून सगळी तपासणी '२५०' म्हणण्याआधी, जोडणी चालू असतानाच उरकावी लागते. त्याला जास्त ताकदीची यंत्रं लागतात, म्हणजे पैसे लागतात. फेकून देणं स्वस्त.

भोसरीतल्या एका छोट्या कारखानदारांचं कोटेशन असंच गिऱ्हाइकाला 'मिळालंच नाही'. आमच्या लॉगमधली ओळ स्वच्छ होती: पाठवली, '२५०', रांगेत घेतली, शेजारी समोरच्या सर्व्हरने दिलेला रांगेतला क्रमांकही. तो घेऊन मी पलीकडच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. "सर, कस्टमरला स्पॅम फोल्डर चेक करायला सांगा." फोल्डर रिकामा. मेल तिथवर गेलीच नव्हती. तोवर ऑर्डर दुसऱ्याला गेली होती. ज्याच्या भल्यासाठी गाळणी लावली, त्या गिऱ्हाइकाला आपल्या मेलला गाळणी आहे हेच ठाऊक नव्हतं.

जर्मनीत कार्ल्सरूहच्या उच्च प्रादेशिक न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. एका विद्यापीठाने आपल्या माजी संशोधकाशी होणारी मेलची देवाणघेवाण परस्पर अडवली होती. सरकारी वकिलांना त्यात गुन्हा दिसला नाही. न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये तपास करायला लावला. तिथल्या दंडसंहितेच्या कलम २०६ नुसार, पोचवण्यासाठी सोपवलेला संदेश दडपणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. सोपवला केव्हा? पाठवणाऱ्या सर्व्हरने तो घेणाऱ्याच्या सर्व्हरला दिला, की लगेच. हे वाचून मला आमचं '२५०'च आठवलं. व्हायरससारखा धोका असेल तर अडवणं समर्थनीय ठरू शकतं, हेही न्यायालयाने मान्य केलं. त्याच सुमारास अमेरिकेत व्हेरायझनने स्पॅमच्या नावाखाली युरोपातल्या पत्त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे बंद केले. ग्राहक कोर्टात गेले आणि २००६ मध्ये तडजोड झाली.

आपल्याकडे व्यापारी एसएमएस आणि कॉलसाठी दूरसंचार नियामक ट्रायने १९०९ या क्रमांकाची सोय केली. काय नको ते ग्राहकच सांगतो. ईमेलसाठी असं काही नाही. आयटी कायद्याचं कलम ७९ मध्यस्थाला संरक्षण देतं, पण त्याने संदेशातली माहिती निवडलेली वा बदललेली नसावी, ही त्यातली एक अट. मेल गिळणारी कंपनी त्यात बसते का, हे एखाद्या वकिलाने कोर्टात विचारून पाहावं. 'अटी मान्य' या चौकोनातल्या टिकेला मी तरी संमती म्हणत नाही. अहो, ते वाचतं कोण!

आमच्याकडे खातं उघडतानाच विचारतो: गाळणी हवी की नको? हवी असेल तर अडवलेल्या मेलची यादी रोज सकाळी ग्राहकाला जाते, आणि त्यातली हवी ती सोडवून घेता येते. 'सगळं येऊ द्या, मी बघतो' म्हणणारे बहुतेक जण आठवडाभरात गाळणी मागून घेतात. एक वकीलबाई मात्र ती आजही बंद ठेवून आहेत. त्यांचे नवे अशील अनोळखी पत्त्यावरून, चुकीच्या इंग्रजीत आणि सगळी अक्षरं मोठी करूनच लिहितात.